पट्ट्यांचे लाखभर रुपये कशाचे?

बुस्तो आर्सित्सियो, इटली
९ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा मंगळवारी पोचला. चकल्यांचा पार भुगा झाला होता, तो मी चमच्याने खाल्ला. भडंग मात्र जसंच्या तसं, कुरकुरीत. घरमालकीणबाईंना वाटीभर दिलं तर त्यांनी ते भोपळ्याच्या सुपावर भुरभुरवलं. आई, तू कपाळाला हात लावशील, पण त्यांनी पुन्हा मागून घेतलं.

आता मुद्द्याचं. भाऊबिजेला मी मिलानच्या रस्त्यावरून व्हिडिओ कॉल केला, तेव्हा माझ्या मागे एका दुकानाची काच होती. काचेत नागमोडी रंगीत पट्ट्यांचा बायकी स्वेटर होता आणि दादाने त्याची किंमत विचारली. मी हजार युरोच्या वर म्हणाले. अण्णा, तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून फोन नाकाला लावलात, नीट बघितलंत आणि म्हणालात, "पट्टे तर आहेत. असल्या पट्ट्यांचे लाखभर रुपये कशाचे?" मी सांगत होते, आई तुमच्या कानाशी ओरडून तेच परत सांगत होती, मागून ट्राम गेली आणि तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन दादाकडे दिलात. तुमचं ते "बरं बरं" म्हणजे काहीएक ऐकू आलेलं नसतं. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात कान गेले, आणि दादाने आणलेलं कानातलं यंत्र देवघराच्या फळीवर पडून आहे, हेही मला कळलंय. म्हणून सगळं कागदावर लिहिते. चष्मा लावून सावकाश वाचा. एक भाग फक्त आईसाठी आहे, तिथे तसं लिहिलंय.

त्या कंपनीचं नाव मिसोनी. काचेतला माल मिलानचा दिसला तरी हे लोक मिलानचे नव्हेत, आमच्या गावाकडचे आहेत. मी राहते ते बुस्तो आर्सित्सियो एके काळी सूतगिरण्यांचं गाव होतं आणि याला 'इटलीचं मँचेस्टर' म्हणत. आपली इचलकरंजी महाराष्ट्राचं मँचेस्टर, म्हणजे मी एका मँचेस्टरातून निघून दुसऱ्यात येऊन पडले. फरक एवढाच की इथला खडखडाट थांबलाय. जुन्या एका सूतगिरणीच्या इमारतीत आता वस्त्रोद्योगाचं संग्रहालय आहे, लाल विटांचं, बुरूज-बिरूज असलेलं, लांबून किल्लाच वाटावा. आत माग चकचकीत पुसून ठेवलेत आणि त्यांच्याभोवती दोरी बांधली आहे. मागाला हात लावायचा नाही! तुम्ही असतात तर दोरी ओलांडून आधी धोटा उचलून बघितला असतात.

बुस्तोच्या वर गालाराते आणि त्याच्याही वर तिचिनो नदीच्या काठावर गोलासेक्का नावाचं लहान गाव आहे. तिथे येल्मिनी नावाच्या कुटुंबाचा शाली आणि भरतकामाच्या कापडाचा कारखाना होता. त्या घरातली मुलगी रोझिता, जन्म १९३१ चा. लहानपण सगळं सूत, कात्र्या आणि शालींच्या ढिगाऱ्यात. थोडक्यात माझ्यासारखंच, फक्त आमच्याकडे शालींऐवजी पॉपलीनचे ताके होते.

आणि नवरा कोण? ओत्तावियो मिसोनी. या माणसाला आयुष्यभर सगळे 'ताई' म्हणत. खरंच! सहा फुटी धिप्पाड गडी आणि लाडाचं नाव ताई. मी पहिल्यांदा आमच्या कंपनीत ऐकलं तेव्हा कुणाच्या तरी थोरल्या बहिणीबद्दल बोलताहेत असं समजून बसले होते. तर हे ताई १९२१ साली आताच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला जन्मले आणि झारा या बंदराच्या गावी वाढले. वडील जहाजावर कप्तान. झारा तेव्हा इटलीकडे होतं, महायुद्धानंतर ते युगोस्लाव्हियात गेलं आणि तिथले इटालियन घरदार सोडून निघाले. आत्तीच्या सासरकडचे लोक कराचीहून आले, तसलाच हा प्रकार.

पण ताईंची खरी ओळख धावण्याची. चारशे मीटर आणि चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत. १९३९ मध्ये व्हिएन्नाला विद्यार्थ्यांच्या जागतिक स्पर्धेत चारशे मीटर जिंकली. मग युद्ध आलं. एल अलामेनच्या लढाईच्या वेळी इंग्रजांच्या हाती सापडले आणि चार वर्षं इजिप्तमध्ये कैदेत काढली. धावणाऱ्या माणसाची पंचविशीपर्यंतची वर्षं अशी गेली. सुटून १९४६ मध्ये त्रिएस्तेला आले, पुन्हा पळायला लागले आणि पोटासाठी जॉर्जो ओबरवेगर या थाळीफेक्या मित्राबरोबर लोकरी ट्रॅकसूट विणायला लागले. वेन्युलिया असं त्याचं नाव. पायाशी झिप, म्हणजे बूट न काढता विजार उतरवता येते. खेळाडूची अडचण खेळाडूलाच कळते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इटलीच्या संघाने हेच ट्रॅकसूट घातले आणि त्या संघात ताई स्वतः होते. अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत सहावे आले.

वेम्बलीच्या स्टेडियममध्ये सोळा वर्षांची रोझिता बसली होती. ती इंग्रजी शिकायला लंडनला आली होती. पुढचं आई तुला सांगायला नको. १९५३ मध्ये लग्न झालं आणि दोघांनी गालारातेला संसार थाटला. वर घर, खाली तळघरात विणकामाची यंत्रं. आपल्याकडे वर घर आणि खाली चार माग, तसंच. ट्रॅकसूटवाला नवरा आणि शालवाली बायको, एवढ्यावर धंदा सुरू.

त्या यंत्रांवर सुरुवातीला फक्त पट्टे निघत. आधी आडवे, मग उभे, मग चौकडा. अण्णा, हे मुद्दाम लिहिते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. त्यांनी पट्टे आवडले म्हणून घेतले नाहीत. यंत्र पट्ट्यांच्या पलीकडे जात नव्हतं, म्हणून त्यांनी सगळी अक्कल रंगांवर लावली. तुम्ही नाही का म्हणत, साध्या मागाकडून जकार्डचं नक्षीकाम मागू नये, त्याला जे येतं ते चोख करून घ्यावं. १९५८ मध्ये मिलानच्या रिनाशेन्ते या मोठ्या दुकानाने त्यांचे उभ्या रंगीत पट्ट्यांचे झगे काचेत लावले आणि तिथून गाडी पुढे सरकली.

मग १९६२ च्या सुमाराला त्यांनी एक गंमत केली. रोझिताच्या माहेरी शाली विणायची रॅशेल यंत्रं होती. रॅशेल तुम्हाला नावाने माहीत नसलं तरी त्यावरचा माल तुमच्या रोजच्या हातातला आहे. बाजारात कांदे-बटाटे ज्या लाल जाळीच्या पिशवीत येतात ती रॅशेलची. शिरोळकडे ढबू मिरचीवर जे हिरवं शेडनेट ताणतात तेही. मच्छरदाणीसुद्धा. असल्या यंत्रावर अंगावर घालायचं भारी कापड काढावं असं फॅशनवाल्यांच्या डोक्यात येत नव्हतं. ते आजीबाईंच्या शालीचं यंत्र. या दोघांनी त्याच्यावर बारीक सूत आणि भरपूर रंग चढवले, आणि तिथून ती नागमोड आली, जी तुम्ही काचेत बघितलीत.

ती कशी येते ते सांगते. मला वाटतं जगात ही गोष्ट माझ्याइतकीच आवडीने ऐकणारे तुम्ही एकटेच आहात, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

आपल्या मागावर ताणा उभा आणि बाणा आडवा, धोटा इकडून तिकडे. रॅशेलवर बाणाच नाही. सगळा ताणा. बीमवरून, म्हणजे ताण्याच्या रुळावरून, धागे उतरतात आणि प्रत्येक सुईला तिचा स्वतःचा धागा असतो. सुई वर जाते, धागा तिच्याभोवती वळसा घालतो, सुई खाली येते, एक टाका पडतो. आता असंच सरळ चालू ठेवलं तर काय होईल? प्रत्येक सुईखाली एक सुटी साखळी लोंबेल, वेण्या सोडल्यासारखी. कापड नाही होणार. कापड व्हायचं तर या वेणीने शेजारणीचा हात धरला पाहिजे. म्हणून सगळे धागे ज्या पट्टीतून ओवलेले असतात ती पट्टीच एक घर सरकते आणि पुढचा टाका प्रत्येक धागा शेजारच्या सुईवर घालतो. मग आणखी एक घर. मग आणखी एक. धागा तिरपा चालायला लागतो. पण असं किती सरकणार? यंत्राला कड आहे. कधीतरी परत फिरावंच लागतं. सहा घरं उजवीकडे, सहा घरं डावीकडे, पुन्हा उजवीकडे. झाली नागमोड.

म्हणजे अण्णा, ती नागमोड कुणी चित्र म्हणून कापडावर काढलेली नाही, ती यंत्राची चाल आहे. बैल जसा शेताच्या बांधाशी वळतो तसा धागा वळतो, आणि प्रत्येक धाग्याचा रंग वेगळा असला की तुम्हाला ते वळण दिसतं. सगळे धागे एकाच वेळी, एकाच अंतराने वळतात म्हणून रंगांच्या ओळी एकमेकींना कधी छेदत नाहीत. वारीत दिंडीमागे दिंडी चालावी तशा एकीमागे एक चालतात.

पट्टी किती सरकवायची ते जुन्या यंत्रात एक लोखंडी साखळी ठरवते. साखळीच्या कड्या कमीजास्त उंचीच्या. उंच कडी आली की पट्टी ढकलली जाते, बुटकी आली की मागे येते. मागावर नक्षी पाडणाऱ्या डॉबीच्या लाकडी पट्टीवर आपण खुंट्या ठोकतो ना, त्याच जातीचं डोकं. ताई चौकटीच्या कागदावर रंगीत पेनांनी घरं भरत बसायचे. धावपटू माणूस मोजण्यात पक्का असणार. अडथळ्यांच्या शर्यतीत दोन अडथळ्यांमध्ये पावलं मोजूनच टाकावी लागतात, एक जास्त झालं की लय गेली. हे मात्र मी माझ्या मनाने जोडतेय, कुणी सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट सुताची. इथे एका प्रकारच्या रंगवलेल्या सुताला फियामातो म्हणतात, म्हणजे ज्वाळांसारखं. एकाच धाग्यावर तुकड्यातुकड्याने वेगवेगळे रंग चढवलेले. विणलं की रंग कुठेतरी उमटतो, कुठेतरी विरतो, कडा पुसट होतात. पटोला साडीतही धागा तुकड्यांत रंगवतात, पण तिथे कुठला रंग कुठे पडणार हे आधी बांधलेलं असतं आणि एक धागा हलला तर नक्षी बिघडते. फियामातोत थोडं नशिबावर सोडलेलं असतं. मला हे पहिल्यांदा लॅबमध्ये दाखवलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "हा तर शेड फरक!" आमच्या टेबलावरचे सगळे हसले. आपल्याकडे एका ताक्यात दोन छटा निघाल्या की व्यापारी डॅमेज म्हणून मजुरीतून कापून घेतो. त्या एका वर्षी तुम्ही नऊ ताके घरी परत आणलेत आणि आईने त्यांच्या उशांच्या खोळी शिवल्या. अख्ख्या गल्लीत आपल्याच उशा दोन रंगांच्या. इथे तोच फरक मुद्दाम, पैसे मोजून पाडतात. तुम्हाला याचा राग येईल की हसू, मला ठरवता येत नाही. मला दोन्ही आलं.

(इथून पुढचा परिच्छेद आईसाठी. अण्णा, तुम्ही खालच्या ओळीपासून वाचा.)

आई, एप्रिल १९६७ मध्ये फ्लॉरेन्सच्या पित्ती महालात यांना कपडे दाखवायला बोलावलं. तो तेव्हा मोठा मान होता. ऐन वेळी रोझिताच्या लक्षात आलं की पोरींच्या आतल्या कपड्यांचे पट्टे आणि रंग बाहेरून दिसताहेत आणि तिच्या बारीक विणीच्या जरतारी ब्लाउजची शोभा जातेय. तिने सांगितलं, आतलं काढून टाका. खोलीत ठीक दिसलं. पण मंचावर मोठे दिवे लागले आणि कापड आरपार झालं! गहजब. पुढच्या हंगामाला यांना बोलावणंच नाही. पण वर्तमानपत्रांत नाव इतकं झालं की परदेशातले खरेदीदार हुडकत आले. बाईचा हेतू स्वच्छ होता, कापडाचाच विचार होता, असं माझं मत. तुझं काय ते तू कळव.

तर फ्लॉरेन्सचं बोलावणं बंद झालं आणि ते मिलानमध्येच कपडे दाखवायला लागले. त्याच वर्षी सोलारी नावाच्या पोहण्याच्या तलावावर शो केला. मिलान आज फॅशनची पेठ म्हणून मिरवतं, त्याच्या पायातले काही दगड यांच्या नावावर आहेत. अमेरिकेतल्या मोठ्या मासिकांनी, मोठ्या दुकानांनी उचलून धरलं, १९७३ मध्ये तिकडचा नीमन मार्कस पुरस्कार मिळाला, १९७६ ला मिलानमध्ये स्वतःचं दुकान झालं, १९८३ मध्ये ला स्काला या नाटकघरातल्या ऑपेराचे कपडे केले. ही सगळी यादी तुम्हाला वाचायला कंटाळवाणी वाटणार, मलाही लिहायला वाटतेय. पुढे जाऊ.

पैसा आल्यावर ते मिलानला गेले नाहीत, हे मला जास्त सांगण्यासारखं वाटतं. साठच्या दशकाच्या शेवटी त्यांनी सुमिरागो नावाच्या खेड्यात कारखाना बांधला आणि तिथेच घर केलं. मागच्या महिन्यात कंपनीतल्या एकीने मला गाडीतून तिकडे नेलं. रविवार होता, फाटक बंद, बाहेरून झाडं आणि भिंत तेवढी दिसली. पण आभाळ स्वच्छ होतं आणि समोर मोंते रोझा, आल्प्समधला मोठा डोंगर, पायापर्यंत बर्फाने भरलेला. सकाळचं ऊन पडून त्याचा रंग गुलाबी, मग पिवळट, मग पांढरा झाला, अर्ध्या तासात. आम्ही थर्मासमधली कॉफी पीत गाडीच्या बॉनेटला टेकून बघत बसलो. ती म्हणाली, त्यांना रंग कुठून सुचायचे असं लोक विचारतात, इथे येऊन उभं राहायचं सोडून.

आता वाकळेची गोष्ट.

गालारातेला चित्रांचं एक म्युझियम आहे. त्याचं नाव 'मागा'. अण्णा, शपथ! पाटीवर नाव वाचून मी एकटीच हसत उभी राहिले. मागाचा आणि त्याचा काही संबंध नाही, त्यांच्या भाषेतलं लघुरूप आहे ते. पण आत एक दालन आहे ताईंच्या भिंतीवर टांगायच्या मोठ्या कापडांचं. इटालियनमध्ये त्याला आरात्सी म्हणतात. कपड्यांसाठी विणलेल्या कापडांचे तुकडे कापून, जोडून, माणसाहून उंच फलक केलेत. जवळ जायला बंदी नव्हती, म्हणून मी वीतभर अंतरावर नाक नेलं. एका चौकोनात जांभळी नागमोड, त्याला लागून हळदीच्या रंगाचे पट्टे, त्याच्या शेजारी तपकिरी फियामातो आणि मध्येच एक विटकरी तुकडा, ज्याची वीण शेजारच्याच्या उलट्या दिशेने लावली आहे. विणीची दिशा बदलली की तोच रंग वेगळा दिसतो, ते बरोबर हेरलंय. सांधे कुठे दडवलेले नाहीत. काही ठिकाणी जाड विणीला बारीक वीण जोडलीय आणि तिथे कापड किंचित ओढलं गेलंय, सुरकुतलंय.

आणि मला आजीच्या वाकळेचा वास आला. खोटं नाही सांगत, धुरकट, उन्हात तापलेल्या सुताचा. आजी मागाच्या खालच्या चिंध्या, आईच्या जुन्या साड्यांचे काठ, अस्तराला तुमचं धोतर घेऊन बसायची आणि तुकडा लावण्याआधी दहा वेळा फिरवून बघायची. मी विचारायची, आजी, काय बघतीस? ती म्हणायची, "बसतंय का बघते." मला वाटायचं मापात बसतंय का. ताईंच्या त्या विटकरी तुकड्यासमोर उभी राहिले तेव्हा कळलं, ती माप बघत नव्हती. आई, ती वाकळ पोटमाळ्यावर आहे ना अजून? दादा नव्या घराच्या वेळी जुनं सामान काढणार म्हणत होता. त्याला सांग, त्या ट्रंकेला हात लावायचा नाही. मी आल्यावर बघेन.

तर लाखभर रुपये कशाचे. हिशोब मांडू. एका कापडात डझनावारी रंग, म्हणजे तेवढ्या वेगळ्या रंगाईच्या खेपा. प्रत्येक रंग थोडाथोडाच लागणार, थोक भाव मिळणार नाही. बीमवर धागे रंगाच्या क्रमाने लावायचे, एक धागा चुकला तर चूक अख्ख्या ताक्यात नागमोडी जाते, लपत नाही. बीमचे धागे ओवणाऱ्या वहिफणीवाल्याला आपण एकरंगी बीमलाही चहा पाजून हळू कर म्हणतो, इथे तर शेकडो धागे रंग बघून ओवायचे. यंत्र हळू. माल थोडा. वर इटलीची मजुरी. एवढं सगळं धरलं तरी अण्णा, लाख होत नाहीत. तुम्ही बरोबर विचारलंत. उरलेले पैसे नावाचे, मिलानच्या दुकानाच्या भाड्याचे आणि काचेतल्या दिव्यांचे. मी स्वतः तो स्वेटर कधी घेणार नाही, पगार वाढला तरी. पण सूत आणि मजुरी यांच्यामध्ये एक रकाना अजून आहे आणि तो आपल्या इचलकरंजीच्या वहीत कधी नसतो. कुणीतरी शालीच्या यंत्रासमोर महिनोन्‌महिने बसून 'याला आणखी काय येतं' हे बघत राहिलं, त्या बसण्याचे पैसे. तुम्हीही बसायचात. दुपारी लाइट गेली की डॉबीची खुंटी इकडची तिकडे लावून बघायचात, काठाला ती गव्हाच्या ओंबीसारखी नक्षी तुम्हीच काढलीत. व्यापाऱ्याने ती बघितली, छान म्हणाला आणि मजुरी मीटरवर दिली. खर्चीवाल्याला, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्याला, मीटरचेच पैसे.

यावर मी फार लिहीत नाही. तुम्ही म्हणाल, पोरगी परदेशात जाऊन शहाणपण शिकवते.

त्या घरावर पुढे फार वाईट दिवस आले. थोरला मुलगा वित्तोरिओ, जो कंपनीचा परदेशातला व्यापार बघायचा, ४ जानेवारी २०१३ ला व्हेनेझुएलाच्या एका बेटावरून लहान विमानाने परतताना नाहीसा झाला. बायको आणि मित्रही बरोबर होते. महिनोन्‌महिने शोध चालला. म्हातारे ताई वाट बघत मे महिन्यात गेले, ब्याण्णव वर्षांचे होऊन, आणि विमानाचा पत्ता समुद्राच्या तळाशी जूनमध्ये लागला. रोझिताबाई त्यानंतरही कामात राहिल्या, घरातल्या चादरी-पडद्यांचा माल त्या बघत. या वर्षी एक जानेवारीला त्या वारल्या, त्र्याण्णव वर्षांच्या होत्या. त्या दिवशी घरमालकीणबाईंनी कपाटातून एक मफलर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता, सत्तरच्या दशकातला, मिसोनीचाच, नवऱ्याने दिलेला. बाई स्वतः तरुणपणी सूतगिरणीत कांड्या भरायच्या. मला म्हणाल्या, हात लाव, बघ. मी तुमचं धागे मोजायचं भिंग आणून मफलरीवर ठेवलं. वीस मिनिटं आम्ही दोघी त्यावर ओणवून बसलो होतो. बाईंना चष्म्यातून काही दिसत नव्हतं, पण त्या बोटाने बरोबर सांगत होत्या, इथे वळलं, इथे परत फिरलं.

कंपनीचं आता बरंच बदललंय. मुलगी अँजेला मिसोनीने १९९७ पासून वीसेक वर्षांहून जास्त काळ कपड्यांची बाजू सांभाळली. २०१८ मध्ये एका इटालियन गुंतवणूक फंडाने ४१.२ टक्के हिस्सा घेतला. आता डिझायनर-बिझायनर घराबाहेरचे येतात-जातात. नागमोड तशीच आहे. तिची नक्कलही जगभर होते, छापील सुद्धा. आपल्या शनिवारच्या बाजारात छापील नागमोडीचे गाऊन मी स्वतः बघितलेत. छापलेली नागमोड लगेच ओळखू येते, उलटी बाजू बघायची, पांढरी असते.

या पत्रासोबत एक पट्टी पाठवतेय, कागदात गुंडाळलेली. आई, कचरा समजून टाकू नकोस. आमच्या कंपनीत नमुने काढायला एक अरुंद, जुनं रॅशेल आहे, साखळीचं. शनिवारी सगळे गेल्यावर फोरमनने मला त्यावर काम करू दिलं. पहिल्या वेळी मी साखळीची एक कडी उलटी लावली आणि कापड एकाच बाजूला कलत गेलं, पिसाच्या मनोऱ्यासारखं. ते फोरमनने स्वतःच्या टेबलावर लावून ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. दुसऱ्या वेळी जमलं.

पट्टीत रंग नाही. सगळं एकच पांढरं सूत, एकाच रिळावरचं. तरी खिडकीशी धरलीत तर आडवे पट्टे दिसतील, एक उजळ, एक मंद. धागा उजवीकडे जाताना टाके एका अंगाला कलतात, परतताना दुसऱ्या, आणि उजेड दोन्हींवर वेगळा पडतो. तुम्ही म्हणालात ना, पट्टे तर आहेत. हे बघा, रंगाशिवायचे.

धागा वळायच्या आधी किती घरं सरकतो ते मी इथे लिहिलेलं नाही. भिंग लावू नका. दादाला विचारू नका. आधी डोळे मिटून बोटांनी बघा आणि आकडा पोस्टकार्डावर लिहून पाठवा. घरमालकीणबाईंनी एकदा सांगून झालाय, त्यांचा एकाने चुकला.

तुमची लाडकी,
सुमी

ता. क. आत्तीला नमस्कार. वैनीला सांग, तिने मागितलेलं केशर इथे आपल्याहून महाग आहे, तिकडेच घे.